ससा की बाज

६, मंगळवार

आजपासून कामावर. वहिनी म्हणाली, घरात बसून भिंतींकडे बघत राहण्यापेक्षा जा. गेले.

जीप सुरू होईना. आठवडाभर कुणी हात लावला नव्हता. मग पाखरं कोण हाकत होतं? कुणीच नाही. विमानंच उडाली नाहीत तर हाकायची कशाला! टिटव्यांनी धावपट्टीभर संसार मांडलेत.

हॉर्न वाजवत एक फेरी मारली. पूर्वेच्या टोकाला गवत काळं पडलंय, तिथवर गेले नाही. उद्या जाईन.

एकदा लिहून टाकते, म्हणजे मनात परत परत लिहायला नको. मागच्या बुधवारी सकाळी दादाचं विमान पट्टी सोडून वर उठलं, दोन विजेच्या खांबांइतकं चढलं, डावीकडे कललं आणि कुंपणापलीकडे नाकावर पडलं. शेजारच्या सीटवर त्याच्याकडे उडायला शिकणारी मुलगी होती. ती वाचली. दादा नाही.

झालं. लिहिलं.

७, बुधवार

सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. एरवी "ए हाकाटी" म्हणून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडणारे लोक! नाव दादानंच पाडलेलं. या नोकरीला त्यानंच लावलं. म्हणाला होता, घरात तुझ्या आवाजाला सगळे कंटाळलेत, आता जरा पाखरांना कंटाळू दे. धावपट्टीवर काही उडणारं, पळणारं, सरपटणारं राहू द्यायचं नाही, हे माझं काम.

आज कुणीही त्या नावानं हाक मारली नाही. पूर्वेच्या टोकाला आजही गेले नाही.

८, गुरुवार

चौकशीला एक अधिकारी आलेत. जाड काचांचा चष्मा, आवाज मऊ. मी मनात त्यांचं नाव चष्मेवाले ठेवलं. मॅनेजरांच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, दादाबद्दल जे बोलायचं असतं ते बोलले. मग ड्रॉवरमधून दोन प्लास्टिकच्या पिशव्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत पिसं. दुसरीत केसांचे पुंजके. दोन्ही इंजिनाच्या तोंडाशी, पंख्यामागे सापडली.

पिसं लगेच ओळखली. बाज. छातीवरची, आडव्या बारीक रेघांची. केस रानसशाचे.

त्यांना माझ्याकडून टिपण हवंय. या मैदानावरचा रानससा आणि या मैदानावरचा बाज, दोघांची तुलना. वजन किती, बसतात कुठं, घाबरले की काय करतात, वैमानिकाला किती लांबून दिसतील. पंख्याला आधी काय लागलं ते ठरवायचंय. तुम्ही बहीण आहात हे मला ठाऊक आहे, म्हणाले, पण हे मैदान दुसरं कुणी ओळखत नाही.

ठरवून होणार काय, मी विचारलं. ते चष्मा पुसत बसले. मग सांगितलं. लोक दादाच्या नजरेबद्दल बोलतायत. डोळ्यांची तपासणी लांबली होती म्हणे. समोर बसलेला ससा न दिसणं वेगळं आणि अचानक आडवा आलेला पक्षी वेगळा.

घरी येताना नीट उमगलं, माझ्याकडे काय मागितलंय ते. ससा असेल तर प्रकरण जमिनीवरचं. जमीन माझी. आणि दादाला दिसलं कसं नाही, हा प्रश्न उरतोच. बाज असेल तर हवेतलं. हवा कुणाचीच नाही.

९, शुक्रवार

संध्याकाळची फेरी. सूर्य बुडालेला, उजेड होता अजून. पूर्वेच्या टोकाच्या थोडं अलीकडे, पट्टीच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ससा. चांगला मोठा. कान उभे. जीप जवळ नेली, उठला नाही. हॉर्न दिला. नाही. दिव्यांचा झोत टाकला तेव्हा माझ्याकडे बघितलं. म्हणजे मला तसं वाटलं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तो एकाकडे असा बघत नाही, एकदम चहूकडे बघतो. पाठीमागचंही दिसतं त्याला. फक्त नाकासमोरचं दिसत नाही.

शेवटी मीच जीप मागे घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१०, शनिवार

आजही. त्याच जागी, त्याच वेळी. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

११, रविवार

सुट्टी. वहिनीकडे. दादाचा गणवेश खुंटीवर इस्त्री करून टांगलाय. इस्त्री त्यानंतरची आहे, मी विचारलं नाही.

तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं, सकाळी तो निघायच्या वेळेला तिला जाग येते आणि बाथरूममध्ये नळ सुरू असल्याचं ऐकू येतं. उठून बघते तर नळ बंद, बादली कोरडी. जणू प्लंबरला बोलवायची गोष्ट असावी अशा आवाजात बोलली. मग सुरी खाली ठेवून मला विचारलं, तुला तिकडं काही दिसतं का?

नाही म्हटलं. सशाचं सांगितलं नाही.

टिपणाचं मात्र तिला सगळं माहीत होतं. मैदानावरची बातमी घरी माझ्याआधी पोचते. म्हणाली, बाज लिही. ससा लिहिलंस तर म्हणतील, एवढा ससा दिसला नाही त्याला, आंधळा होता. तेवीस वर्षं माणसांना उडायला शिकवलं त्यानं. त्याच्यामागे एवढाच एक शब्द राहायला नको.

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, मलाही ठाऊक नाही.

१२, सोमवार

मनोरेबुवा, म्हणजे वर कंट्रोल टॉवरमध्ये बसतात ते. पोट सुटलेले, दादाचे जुने दोस्त, दोघांनी मिळून निम्मं आयुष्य पत्ते कुटण्यात घालवलं. त्यांना विचारलं, संध्याकाळी पूर्वेकडे तुम्हाला ससा दिसतो का. म्हणाले, गवत हलतं गं, बाकी काही नाही. आणि मग म्हणाले, खरं सांगू का, त्या दिवसापासून मी तिकडं बघतच नाही. बघावंच लागलं तर दुर्बिणीतून बघतो, म्हणजे तेवढाच तुकडा दिसतो.

डोळ्यांच्या तपासणीचं चष्मेवाल्यांना त्यांनीच सांगितलं होतं. विचारलं म्हणून सांगितलं. दादा मागच्या महिन्यात वर आला होता आणि खिडकीतून लांबच्या हँगरवरचा आकडा वाच म्हणून यांनाच सांगत होता. हसत हसत. स्वतः वाचला नाही. हे सांगून मनोरेबुवांनी खिडकीकडे पाठ केली. मी त्यांच्यावर रागवायला वर चढले होते. तशीच उतरले.

१३, मंगळवार

आज गेले. पूर्वेच्या टोकाला, पायी.

जळलेल्या गवतापर्यंत जायची वेळच आली नाही. त्याच्या बरंच अलीकडे, जिथं ससा बसतो तिथंच, रेघेच्या कडेला गवतात केसांचं एक कडं सापडलं. वाऱ्यानं विस्कटलेलं, पण कडंच. मी गुडघ्यावर बसले.

बाज शिकार पकडली की लगेच खात नाही. पंख पसरून तिच्यावर तंबूसारखा बसतो आणि आधी केस उपटतो, दोन्ही बाजूंना फेकतो. तो गेल्यावर त्याच्याभोवतीचं ते कडं मागे राहतं. शेकडो वेळा बघितलंय. पण हे केस बारीक होते, लोकरीसारखे. मोठ्या सशाचे नाहीत, पिल्लाचे. बरोबरच आहे. मोठा रानससा बाजाच्या तिप्पट भरतो, त्याला घेऊन बाज उडू शकत नाही. पिल्लाला घेऊन उडतो. जेमतेम.

म्हणजे ससा की बाज असं काही नव्हतंच. बाज पिल्लावर बसलेला होता. विमान दौडत आलं. अगदी जवळ आल्यावर तो उठला, पिल्लू न सोडता. पायातल्या ओझ्यानं वर यायला उशीर झाला, आणि विमानही तेव्हाच उचलत होतं. दोघं एकदमच पंख्यात गेले.

बसल्या जागी हे सगळं दिसलं मला. आणि त्यामागोमाग दुसरं. केस उपटायला वेळ लागतो. म्हणजे तो तिथं बराच वेळ होता. हाकता आला असता.

संध्याकाळच्या सशाचंही कळलं. मादी आहे ती. रानसशीण पिल्लं उघड्या गवतात ठेवते आणि दिवसभर मुद्दाम लांब राहते, आपल्या वासानं कुणी तिथवर पोचू नये म्हणून. दिवस बुडाला की एकदाच येते. पाजते, जाते. लोकांना वाटतं टाकून गेली. टाकलेलं नसतं.

कळल्यावर भीती जायला हवी होती. गेली नाही. फक्त तिचा रंग बदलला.

१४, बुधवार

आली. मी इंजिन बंद करून लांब थांबले. रेघेवर बसली, उठली, त्या कड्यापाशी गेली, परत रेघेवर येऊन बसली. अंधार पडल्यावर गेली.

हाकलं नाही. कामात कसूर. असो.

१५, गुरुवार

पाण्याच्या टाकीमागच्या उंच झाडावर बाजांचं घरटं आहे. दरवर्षी मॅनेजर म्हणतात पाडा, आणि दरवर्षी मी काही ना काही कारण काढते. बाज असला की कबुतरं लांब राहतात, हे एक.

आज सकाळी नर घरट्याजवळच्या वाळक्या फांदीवर होता. पायात काहीतरी. ओरडत होता. यांच्यात रीत अशी की नर शिकार आणतो, लांबूनच हाक देतो, मादी घरट्यातून उठून येते, त्याच्याकडून घेते आणि पिल्लांना घास घास करून भरवते. नराला भरवता येत नाही. आणून टाकण्यापलीकडं त्याला काही सुचत नाही.

तो हाक देत राहिला. उत्तर नाही. थोडा थांबायचा, मान वाकडी करून ऐकायचा, परत हाक.

मी चष्मेवाल्यांकडे गेले आणि पिसांची पिशवी पुन्हा मागितली. त्यात पंखाचं एक मोठं पीस होतं. मोजलं. मादी. बाजांत मादी नरापेक्षा खूप मोठी असते, चुकायचा प्रश्न नाही. सशांतही मादीच मोठी. टिपणात दोघांचं सारखं असं एवढंच एक सापडलं मला.

१७, शनिवार

हॉस्पिटलमध्ये गेले. जायला हवं होतं आधीच. वहिनीनं येणार नाही म्हणून सांगितलं. तिचं तोंड बघवणार नाही मला, म्हणाली, आणि मग म्हणाली, तिचा काही दोष नाही हे मला कळतं.

मुलगी एवढीशी दिसते गादीत. पाय टांगलेला, जबडा तारांनी बांधलेला. नळीनं खाते. बोलता येत नाही. चष्मेवाले येऊन गेले होते, त्यांना पाटीवर एकच ओळ लिहून दिली — काही आठवत नाही. तिची आई बाजूला बसून असते, मुलीची बोटं दाबत. मला म्हणाली, तुमच्या भावाबद्दल ही घरी रोज बोलायची. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. आम्हाला कंटाळा यायचा अगदी.

मी मुलीच्या हाताला हात लावला तर तिनं घट्ट धरला. सोडेना. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. पाटी पुढे केली, तिनं मान फिरवली.

बाहेर येऊन बराच वेळ जिन्यावर बसले.

१९, सोमवार

टिपण लिहायला घेतलं. कितीदा फाडलं.

सोपं असायला हवं. ससा खालचा, बाज वरचा. एकाला सगळीकडचं थोडं थोडं दिसतं, दुसऱ्याला समोरचं एवढं लख्ख की गवतातलं पान हललेलं कळावं. ससा घाबरला की आधी दबून बसतो, दगड होतो, आणि अगदी पायाशी आल्यावर सुटतो, तेही सरळ नाही, नागमोडी. बाज घाबरला की वर जातो, पण पायात शिकार असेल तर आधी ती सोडायची की नाही यात एक क्षण घालवतो. सशाची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवून जन्मतात. पहिल्या दिवसापासून एकटी राहू शकतात. बाजाची दुबळी, नुसत्या लवेची, चोचीत घास घातल्याशिवाय न जगणारी.

इतकं लिहिलं आणि थांबले. चष्मेवाल्यांना यातलं काय हवंय? त्यांना एवढंच हवंय, की दिसलं असतं का.

दबलेल्या सशाचा रंग वाळक्या गवताचा. तंबू करून बसलेला बाज मातीच्या ढेकळासारखा. मला दिसतो, कारण मला तेच बघायची सवय. दादाला? दादा आभाळ बघणारा माणूस.

केसांच्या कड्याचं लिहायचं की नाही? लिहिलं तर उघड होतं, की तो बराच वेळ बसलेला होता. त्या दिवशी पहाटेपासून टिटव्यांनी छळलं होतं, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या होत्या, आणि मी खोलीत बूट काढून बसले होते. नोकरी जाईल एखाद वेळेस. न लिहावं तर... न लिहिलेलं मलाच रोज वाचावं लागेल.

लिहिलं.

२०, मंगळवार

टाकीच्या शिडीवर चढून दुर्बिणीतून घरट्यात बघितलं. दोन पिल्लं होती. एक मेलेलं. त्याच्या आजूबाजूला शिकार पडलेली — कबुतर, साळुंकी, आणखी काहीतरी. अख्खी. शिकार कमी पडली असं नव्हे, ताटात बसून मेलेलं. दुसरं पिल्लू मान टाकून होतं, पण पापणी हलत होती; शिकारीचं सुटं काही टिपून इतके दिवस तगलं असावं.

मी तिथं असतानाच नर आला. नवं काहीतरी टाकलं. घरट्याच्या काठावर उभा राहिला. पिल्लानं तोंड उघडलं. तो बघत राहिला. गेला.

दुपारी वहिनीला फोन केला, जेवलीस का म्हणून. तिला नवल वाटलं.

२२, गुरुवार

चष्मेवाल्यांनी दादाच्या विमानासारखंच दुसरं विमान पट्टीच्या सुरुवातीला उभं केलं. कड्याच्या जागी मी माझी खाकी टोपी ठेवून आले. ते सीटवर बसले, मग मला बसायला सांगितलं. याआधी मी विमानात कधी बसले नव्हते. दादा किती मागे लागायचा! एक चक्कर मारून आणतो म्हणायचा, मी म्हणायचे मला जमिनीवर कामं आहेत.

सीट खोल. समोर विमानाचं नाक. टोपी दिसली नाही. मला, जिला ती कुठं ठेवलीय ते ठाऊक, तिलासुद्धा नाही.

चष्मेवाले खाली उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणून हात हलवला. ते म्हणाले, मलाही नाही दिसली, पण माझं काय, मला चष्मा आहे. मग स्वतःच ओशाळले. मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिलं. हसता हसता हुंदका आला आणि उतरताना डोकं आपटलं.

२३, शुक्रवार

वहिनी स्वतः माझ्याकडे आली. कधी येत नाही एकटी. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. नवंकोरं. दादाच्या कपाटात, मोज्यांच्या मागे सापडलं. लांबचं बघायचा चष्मा. करून घेतलेला, कुणाला न सांगता.

"त्याला दिसत नव्हतं का गं?" तिनं विचारलं. "मला खरं सांग. नळाचा आवाज मी सहन करीन. हे नाही सहन होत."

मी तिला टोपीचं सांगितलं. सीटवरून मलाही दिसली नाही हे सांगितलं. चांगले डोळे असते तरी दिसलं नसतं, कुणालाच दिसलं नसतं. ती ऐकत होती, लहान मूल गोष्ट ऐकतं तशी. शेवटी म्हणाली, मग हा चष्मा दाखवायला हवा का त्यांना?

मी म्हटलं, दाखवू या. लपवलेलं बाहेर आलं तर जास्त वाईट. तिनं घर माझ्या हातात दिलं आणि रिकाम्या पिशवीची घडी करत बसली.

२६, सोमवार

समितीपुढे बोलले. तिघं होते, मधले चष्मेवाले. टिपण वाचून दाखवलं. केसांच्या कड्याचंही वाचलं. मी तेव्हा कुठं होते तेही सांगितलं. मग दादाचा चष्मा टेबलावर ठेवला.

एकानं विचारलं, थोडक्यात सांगा, ससा की बाज? मी म्हटलं, साहेब, सशाच्या पिल्लाला घेऊन उडणारी बाजाची मादी. वेगळं करता येत नाही. ते लिहीत राहिले.

संध्याकाळी पट्टीवर रानसशीण आली नाही. किंवा आली असेल आणि मला दिसली नसेल.

२८, बुधवार

टाकीवरून बघितलं. पिल्लू उभं होतं! चोचीत कबुतराचा पंख धरून ओढत होतं, पाठीवर पडत होतं, परत ओढत होतं. मांस सुटलं एकदाचं. गिळलं.

कुणी शिकवलं नाही त्याला.

२९, गुरुवार

निकाल आला. टाळता न येण्याजोगा अपघात. वैमानिकाला धोका दिसण्याची शक्यता नव्हती. चष्म्याची नोंद आहे, पण त्याचा संबंध नाही असं स्पष्ट लिहिलंय. माझ्याबद्दल एक ओळ — फेऱ्या वेळेवर झालेल्या होत्या.

वहिनीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. "दिसण्याची शक्यता नव्हती" एवढं तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितलं. मग म्हणाली, आज जरा आडवी होते. दुपारी कधी न झोपणारी बाई, संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी तिच्याजवळ बसून होते. नळ बंदच होता.

मनोरेबुवांनी मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारली. हाकाटी म्हणून. बरं वाटलं.

३०, शुक्रवार

मुलीच्या जबड्याच्या तारा काढल्या. तिच्या आईचा फोन आला, फक्त तुमच्याशी बोलायचंय म्हणते. गेले. मुलीनं आईला बाहेर थांबायला सांगितलं.

तोंड आखडलंय, शब्द चेंगरून येतात. पण कळलं सगळं. तिला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. पट्टीवर वळताना बाज तिला दिसला नाही. सरांना दिसला, विमानाचं नाक आडवं यायच्या आधी, बाजूच्या काचेतून, पंख हलले म्हणून. त्यांनीच बोट करून दाखवला. मला बोलवायला रेडिओकडे हात नेला. मग मागे घेतला.

मी म्हटलं, हे समितीला सांग. ती म्हणाली, ताई, निकाल लागलाय. मी म्हटलं, तरी सांग. वहिनीला मी सांगते.

मग विचारलं, हात मागे घेतला तेव्हा काय म्हणाला? नेमके शब्द.

तिनं डोळे मिटून घेतले.

"राहू दे. पहाटेपासून पळतेय बिचारी, आत्ताच कुठं टेकली असेल. आपण जवळ गेलो की उडेल तो."